मेंढरामागचं आभाळ

...तर मास्तरांची टोपी त्या बोकडानं अर्धी खाल्ली, इथवर काल आपण आलो होतो. अर्धीच खाल्ली, कारण उरलेली अर्धी मास्तरांनी त्याच्या जबड्यातून ओढून काढली आणि तीच डोक्यावर घालून पोरांकडून पाढे म्हणवून घेतले. माणूस मोठा नेमाचा! पाढे संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे बोकड कुणाचं?" सगळ्या वर्गानं येडबाकडं बोट केलं. येडबा तेव्हा चौथीत. तो उठला, चड्डी वर ओढली आणि म्हणाला, "गुर्जी, आमचंच हाय. पर म्या न्हाई आनलं. ते आपल्या मनानं शिकायला आलंय."

मास्तरांनी छडी मारली, पण हसत हसत मारली म्हणतात. पुढं दिवाळी झाली आणि येडबाच्या बापानं मेंढरं गोदावरीकाठाला उतरवली. मेंढरांमागं येडबा गेला. त्याची शाळा तिथंच संपली. बोकडाचीही संपली.

आता कुणी विचारील, पोराचं नाव येडबा कसं? तर त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि येडबा म्हणून हाक मारली. असलं येडं नेऊन काय करायचं, म्हणून मरण दारावरूनच माघारी जातं, अशी आपल्याकडची समजूत. मरण माघारी गेलंही. फक्त रिकाम्या हातानं गेलं नाही. काय घेऊन गेलं, तेच आज सांगायचं आहे.

राणीसावरगावच्या माळावर येडबानं जन्म काढला. भिवराबाई त्याची बायको, हाडाची खमकी, तोंडाची तिखट. एकच लेक, रुपाली. आणि मेंढरं. मेंढरांना तो मोजत नसे. मोजली की नजर लागते, असं त्याचा बाप सांगून गेला होता. मग सगळी घरी आली की नाही, हे त्याला कसं कळायचं? त्याची एक रीत होती.

दिवस बुडायला आला की तो बांधाच्या खालच्या अंगाला जाऊन बूड टेकून बसायचा. तोंड मावळतीला. मेंढरं बांधावरून एकेक उतरायची आणि त्यांच्यामागं आभाळ उजळ असायचं. त्या उजेडापुढं मेंढरू काळं दिसतं. त्याचा रंग जातो, ठिपके जातात, लोकर जाते, राहतो तो नुसता आकार. पण त्या आकारात सगळं असतं. हिची मान खाली, म्हणजे आजारी. हिचं पोट झुललं, म्हणजे गाभण. ही एकटी आली, म्हणजे हिची जोडीदारीण मागं अडकली. रुपाली लहान असताना त्याच्या मांडीवर बसून म्हणायची, "आबा, मला एक बी वळखू येत न्हाई." तो तिची हनुवटी धरून वर करायचा. "मेंढरू बघू नगंस, बाई. मेंढरामागचं आभाळ बघ. मेंढरू आपोआप दिसतंय."

ही पोरगी शिकली. गंगाखेडला, परभणीला, मग पुण्याला. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत आभाळावर काम करते, एवढंच गावाला ठाऊक. गावातली माणसं येडबाला चिडवायची, "येडबा, लेक पुण्याला आभाळ बघायला गेली म्हनं. हितं काय पत्रा ठोकलाय का वर?" येडबा म्हणायचा, "हितलं मी बघून संपवलंय."

बोलायला असा फाकडू गडी. पण पोटात एक गोष्ट त्यानं दाबून ठेवली होती. त्याची नजर जात होती.

आधी कडांची गेली. उजवीकडचं मेंढरू पायाशी येऊन ओरडलं तरच कळायचं. मग मधलंही धुरकटलं. भर दुपारी माळ म्हणजे नुसती पांढरी राख. एक दिवस जेवायला बसताना त्याचा पाय ताटात पडला.

भिवराबाई कडाडली, "अवो, भाकरीला बी तुडवा आता! डोळं हायत का भोकरं?"

"भाकरीच पायाखाली आली. लय माजलीय."

"माजली भाकरी? मला तर दुसरंच कोन माजलेलं दिसायलंय."

ती हसली, तोही हसला आणि विषय तिथंच विझला. दवाखान्यात का गेला नाही? तर त्याच्या बापाला मोतीबिंदू झाला होता. तेव्हाचे जाणते म्हणायचे, बिंदू पिकू द्यावा, कच्चा काढू नये. बापाचा पिकला, काढला आणि म्हातारा पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला. येडबानं ठरवलं, आपलाही पिकू द्यावा. गळू पिकवतात तसा तो दोन वर्षं डोळा पिकवत बसला. आणि सांगायचं तरी कुणाला? भिवराबाईला कळलं की तिच्या भावाला खबर जायची. तो टेम्पो घेऊन यायचा आणि मेंढरं बाजारात उभी राहायची. येडबाला दुसरं काही येत नव्हतं. शेत नाही, धंदा नाही. मेंढरं गेल्यावर येडबा म्हणजे खुंटीला अडकवलेलं घोंगडं, आत माणूस नसलेलं. याची त्याला मरणापेक्षा जास्त धास्ती होती.

बरं, दिवसातल्या दोन वेळा अशा होत्या की तेव्हा त्याला अजून दिसायचं. दिवस बुडतानाची आणि उगवतानाची. आभाळ मागून उजळलं की पुढं मेंढरांचे काळे आकार उमटायचे, पहिल्यासारखेच. दुपारी तो भिवराबाईला म्हणायचा, "तू वळ जरा, माझं डोस्कं धरलंय." आणि संध्याकाळी स्वतः पुढं व्हायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा दुपारचा आळशी झालाय.

यंदा दिवाळीला रुपाली आली. पाडव्याला मेंढरं ओवाळली, शिंगांना गेरू लावला. येडबानं मनाशी ठरवलं होतं, आज पोरीला सांगायचंच. शिकलेली आहे, आरडाओरडा करायची नाही. संध्याकाळी दोघं बांधाखाली जाऊन बसली. हिऱ्या कुत्रा कळपाच्या मागं होता. येडबानं घसा खाकरला.

"रुपा, एक सांगायचं हाय."

"मला बी सांगायचंय, आबा. आधी मी सांगते. मी पुण्याला काय करायलेय, ठावं हाय का तुमाला?"

"आभाळ बघतीस म्हनं."

"तुमचंच काम करायलेय. कळप राखायलेय."

येडबाचे कान टवकारले. ती उकिडवी बसून हात नाचवत सांगायला लागली. "हे समदं जग तान्हं हुतं ना आबा, तवा भट्टीवानी तापल्यालं हुतं. उजेड हुता, पर दाट धुक्यात अडकून पडल्याला. मग जग पसरत गेलं, निवत गेलं, अन् एका टायमाला ते धुकं फिटलं. तवा सुटल्याला उजेड आजून चालायलाय."

"आजून?"

"आजून. चौदा अब्ज वर्सं होत आली."

"अब्ज म्हंजी किती गं?"

"लय."

"मग लय म्हन की. उगं मास्तरावानी."

ती हसली. "चालून चालून तो उजेड पार गारठलाय. डोळ्याला दिसत न्हाई, पर दुर्बिणीला घावतो. अन् तो एका बाजूनं येत न्हाई. वर बगा, खाली बगा, दिवसा बगा, रातीला बगा. समद्या चांदण्यांच्या मागं, समद्या आकाशगंगांच्या मागं, तोच."

येडबानं मावळतीकडं बोट केलं. मग म्हणाला, "म्हंजी मावळतीचं आभाळ. पर चारी अंगाला."

रुपालीनं जमिनीवर हात आपटला. "बास! हेच सांगायला मी तिकडं तास घेते."

"अन् मेंढरं कुठंयत त्यात?"

"हायत की. आकाशगंगा एकट्या ऱ्हात न्हाईत, आबा. कळपानं ऱ्हातात, शेकड्यानं. त्या जुन्या उजेडात बारीक फरक हाय, लाखात एक असा. कुठं जरा दाट, कुठं जरा इरळ. जिथं दाट, तिथंच फुडं कळप जमत गेले. त्या कळपाच्या मधी तापल्याली हवा असती, हिवाळ्यात मेंढरांतून वाफ निघती तशी. मागचा उजेड तिच्यातून येताना त्याला धक्का बसतो, अन् आमच्या नकाशावर तेवढ्या जागी सावली पडती. कळप इतका लांब की दिसत न्हाई. सावली दिसती. अन् जिथं वजन जास्त, तिथं मागच्या उजेडाची नक्षी जरा सरकती, घोंगड्याखालून कुनी हात फिरवल्यावानी. त्यावरनं न दिसनारं वजन बी कळतं."

"ही दुर्बीण कुठं हाय? पुण्याला?"

"न्हाई वं. समुद्रापल्याड, लय उंच माळावर. पाऊस म्हनून पडत न्हाई तिथं."

"मेंढरं हायत का तिथं?"

"उंटाच्या तोंडाचं एक लोकरीचं जनावर हाय."

"उंटाच्या तोंडाचं मेंढरू!" येडबा मांडीवर थाप मारून इतका हसला की त्याच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्यात आनंद किती होता म्हणून सांगावं! जगातले एवढे शिकलेले लोक, एवढी मोठी यंत्रं, आणि तीही मेंढरू बघत नाहीत. मेंढरामागचं आभाळ बघतात. मग आपलं काय गेलं? दुपार गेली असेल, भाकरीचं ताट गेलं असेल. मागचा उजेड तर आहे. याला आंधळेपण कोण म्हणेल, ही तर दुर्बीण झाली.

तेवढ्यात वरच्या अंगाला एक कोकरू केकाटलं. येडबा तिकडं तोंड करून "हुर्रर्र, हिऱ्या, आन त्याला" असं ओरडायला लागला. रुपाली बोलतच होती.

"पर आबा, त्यात एक खोट हाय. सावली पडली एवढं कळतं. किती लांब हाय ते सावलीवरनं न्हाई कळत. जवळचं बारकं अन् लांबचं थोरलं, चटकन फरक करता येत न्हाई. मग दुसऱ्या दुर्बिणीनं त्या कळपाचाच उजेड बगावा लागतो. तवा खात्री. ऐकायलात न्हवं?"

"हां, हां," येडबा म्हणाला. कोकरू खाली आलं होतं.

"तुमाला काय सांगायचं हुतं मघा?"

"मला?" त्यानं मावळतीकडं बघितलं. बांधावरून मेंढरं उतरत होती, एकेक, काळी, साफ. "काय न्हाई. औंदा चारा कमी हाय. एवढंच."

भाऊबीज झाली आणि रुपाली पुण्याला गेली. तिनं सांगितलेल्यातला पहिला अर्धा येडबानं जपून ठेवला. दुसरा अर्धा कोकराच्या ओरडण्यात वाहून गेला होता, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तो आता संध्याकाळची कामं आणखी हट्टानं अंगावर घ्यायला लागला. भिवराबाई म्हणायची, "उजेड हाय तवर चला की घरला." तो म्हणायचा, "तुला काय कळतंय? रुपीची दुर्बीण बी असंच बगती."

"रुपीच्या दुर्बिणीला लांडगं येत न्हाईत," भिवराबाई म्हणायची.

पौषात ते मेंढरं घेऊन गोदावरीकडं सरकले. दिनकरराव नावाचे एक शेतकरी होते, त्यांनी रिकाम्या रानात मेंढरं बसवायला बोलावलं. मेंढरं रानात बसली की लेंडीखत पडतं, त्याच्या बदल्यात ज्वारी मिळते, ही जुनी चाल. दिनकररावांनी बांधावर उभं राहून बजावलं, "येडबा, त्या कडंला जुनी हीर हाय. कठडा पडलाय. जनावर तिकडं जाऊ दिऊ नकोस."

"न्हाई मालक. माझं मेंढरू मी सांगितल्याबिगर पानी बी पेत न्हाई."

भिवराबाईनं विहिरीच्या अलीकडून बोराटीचे काटे टाकले. पलीकडचं अंग उंच बांधाचं होतं, तिकडून मेंढरं कशाला जातील म्हणून ते उघडंच राहिलं. विहिरीपासून बरंच अलीकडं तिनं जाळ्या ठोकून रात्रीचं कोंडण उभं केलं. हिऱ्याच्या पायात काटा मोडला होता. तो लंगडत होता म्हणून तिनं त्याला कोंडणापाशी खुंटीला बांधला आणि येडबाला तसं सांगितलंही.

दिवस टेकला. येडबा नेहमीसारखा तोंड मावळतीला करून बसला. समोर एक बांध, त्याच्यामागं दुसरा, आणि त्या दोन्हींच्या मागं आभाळ तांबडं पेटलेलं. डोळे धड असते तर दोन बांध वेगळे दिसले असते. त्याला ती एकच काळी रेघ दिसत होती. रेघेवरून मेंढरं यायला लागली. पुढं कळपाला वाट दाखवणारी म्होरकी शेळी, तिच्यामागं बाकीची. त्याला बरं वाटलं. सगळी आहेत.

शेवटच्या कोकरांच्या मागं एक आकार आला. ताठ कान, खाली शेपूट, सरळ चाल. हिऱ्या. येडबा गालातल्या गालात हसला. दावं तोडून आला वाटतं लेकाचा. लंगडा पाय घेऊन कामाला आला!

"हिऱ्या! वळीव रं त्यास्नी! भले!"

आकार थांबला. त्यानं मान वळवून येडबाकडं बघितलं, असं येडबाला वाटलं. मग तो पुढं निघाला. लंगडत नव्हता.

आणि त्याच वेळी हिऱ्या भुंकला. मागून भुंकला. कोंडणाकडून.

कुत्रं पाठीमागं होतं आणि सावली पुढं उभी होती. हे दोन्ही एकदम खरं कसं, हे येडबाच्या मनात उतरेपर्यंत त्या रेघेवर दुसरा आकार उमटला होता. त्याला वाटलेलं कुत्रं जवळच्या बांधावर नव्हतं, लांबच्या बांधावर होतं आणि अंगानं कुत्र्याच्या दीडपट होतं. जवळचं कुत्रं अन् लांबचा लांडगा, आभाळापुढं दोन्ही सारखेच.

"लांडगं! भिवरे, लांडगं!"

त्याच्या ओरडण्यानं कळप बुजला. लांडगे वरून आले आणि म्होरकी शेळी घाबरून विहिरीच्या बाजूला वळली. काट्यांकडून वाट नव्हती, म्हणून उंच बांधाच्या अंगानं पळाली. मेंढराची जात तुम्हाला ठाऊक आहे. पुढचीचं शेपूट हेच त्यांचं जग. एक गेली की दुसरी, दुसरीमागं तिसरी. येडबाला आवाज ऐकू आला. धप्. पाण्यात मोठं काही पडल्याचा. मग पुन्हा. मग थांबेचना.

तो उठून आवाजाकडं धावला. उजेड गेला होता आणि त्याच्यापुढं आता काहीच नव्हतं, रेघही नाही. ढेकळांवर आपटला, उठला, पुन्हा धावला. "आरं वळा! वळा रं माज्या बायांनो!" तो हात पसरून धावत होता आणि मेंढरं त्याच्या हातांखालून, पायांमधून निघून जात होती. लोकर बोटांना लागायची आणि सुटायची. मागून कुणीतरी त्याच्या घोंगड्याला हिसका दिला आणि तो उताणा पडला. भिवराबाई होती. त्याचा एक पाय विहिरीच्या आत लोंबत होता.

"कुठं चाललाव?" ती किंचाळली. "फुडं हीर हाय! हीर हाय की वं फुडं!"

लांडग्यांनी एक कोकरू नेलं. बाकीची विहिरीनं नेली.

दिनकरराव माणसं घेऊन आले. दोर सोडले, एक गडी आत उतरला. वरच्या थरातली काही जिवंत निघाली. खालची एकमेकींच्या ओझ्याखाली गुदमरली होती. सकाळपर्यंत रानात ओल्या लोकरीचे ढीग पडले आणि त्यांच्या गेरू लावलेल्या शिंगांवरून पाणी गळत होतं. विहिरीचं पाणी नासलं. उपसायला मोटर लावावी लागली. शेजारपाजारची माणसं जमली, कुणी हळहळलं, कुणी लांडग्यांना शिव्या दिल्या. दिनकरराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांचंही डोकं फिरलं होतं.

"आरं, हिरीचं बजावलं हुतं! लांडगा समोर उभा अन् तू त्याला हाका मारायलास? तुला दिसत न्हवतं का रं?"

असल्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नसतं. रागाचा प्रश्न तो. पण येडबा ढेकळावर बसल्या बसल्या म्हणाला, "न्हाई, मालक. दोन वर्सं झाली. दिसत न्हाई."

मोटर तेवढी चालू होती. भिवराबाई मेलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटी सोडवत होती. तिचा हात तिथंच राहिला. एवढ्या तिखट तोंडाची बाई, पण त्या दिवसानंतर तिनं त्याला टोमणा असा मारला नाही. येडबाला हे सगळ्यांत जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर घर पहिल्यासारखं राहिलं असतं.

रुपाली आली आणि त्याला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. तिथं त्याची हनुवटी एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात टेकवली. आत चहूकडं सारखाच मंद उजेड. हातात बटण दिलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आत कुठं बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं."

येडबा बटणावर अंगठा ठेवून बसून राहिला. ठिपक्याची वाट बघत. यंत्र कुरकुरत होतं, ठिपके येत असावेत. त्यानं मधूनच अंदाजानं दाबलं, जुन्या सवयीनं, कळतंय असं दाखवायला. मग तेही सोडलं.

डॉक्टर तरुण होते, मऊ बोलत होते. "हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. आतली नस वाळली."

"मी पिकायची वाट बगत हुतो, सायेब."

"हा पिकत नाही, आजोबा. हा खात जातो. गेलेलं परत आणता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आला असता तर राहिलेलं राखता आलं असतं."

राखता. हा शब्द ऐकून येडबा हसला. आयुष्यभर तेच तर काम केलं होतं.

बाहेर बाकड्यावर रुपाली त्याच्याशेजारी बसली. "आबा, पाडव्याला तुमी हेच सांगनार हुता न्हवं?"

"हां."

"मग का न्हाई सांगितलं?"

"तूच म्हनलीस की. मेंढरू न दिसलं तरी चालतंय, मागचा उजेड पुरं हाय."

तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. मग ती म्हणाली, "फुडचं बी सांगितलं हुतं, आबा. सावलीवरनं लांब-जवळ कळत न्हाई. त्याला दुसरी नजर लागती."

"कवा सांगितलंस?"

"तवाच. कोकरू वरडत हुतं तवा."

येडबा आठवत राहिला. त्याला कोकरू आठवलं, हिऱ्याला मारलेली हाक आठवली, उंटाच्या तोंडाचं मेंढरू आठवलं. तिचं ते वाक्य काही केल्या आठवेना. "मग दोष कोकराचा," तो म्हणाला. रुपाली हसली नाही.

उरलेली मेंढरं भिवराबाईच्या भावानं नेली. टेम्पोत चढवताना ती ओरडत होती आणि येडबा आत भिंतीकडं तोंड करून बसला होता. चढवून झाल्यावर त्यानं एकदा विचारलं, "लंगडी बोरी मेंढी वाचली हुती का गं?" भिवराबाई म्हणाली, "वाचली हुती." खरं काय ते तिलाच ठाऊक. भिवराबाई आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. हिऱ्या दारात पडून असतो. संध्याकाळ झाली की माळाकडं तोंड करून उभा राहतो आणि मग पुन्हा पडतो. घोंगडं खुंटीला आहे.

चैत्रात रुपाली पुन्हा आली. दिवस बुडायला ती येडबाचा हात धरून त्याला जुन्या बांधाखाली घेऊन गेली. तो नको नको म्हणत होता, पण गेला. तोंड मावळतीला करून दोघं बसली.

"आबा, पाडव्याला मी नकाशावरच्या सावलीचं सांगितलं हुतं. ध्यानात हाय?"

"हां."

"तसल्या एका सावलीकडं दुसऱ्या दुर्बिणीनं बगितलं. कळप हाय तिथं. खरंच हाय. लय लांब, लय थोरला. आपली धरती नव्हती तवा त्याचा उजेड निघालेला."

"चांगलं झालं, बाई." तो खरंच मनापासून म्हणाला. "समदी हायत का?"

"मोजली न्हाईत आजून."

"मोजू नगंस. नजर लागती."

ती त्याच्या खांद्याला टेकली. समोर माळावर मावळतीचं आभाळ दरवर्षीसारखं पेटलं होतं. बांध मोकळा होता. येडबानं तिकडं मान वर केली होती, डोळे उघडे, पापणी न हलवता. रुपालीला वाटलं, अजून काही उरलं असेल का? लहानपणी तो तिची हनुवटी वर करायचा, तशी तिनं त्याची हनुवटी हलकेच वर केली आणि विचारलं, "आबा, काय दिसायलंय?"

येडबानं बराच वेळ बघितलं. घाई केली नाही. मग तो जे बोलला, ते जसंच्या तसं असं:

"मागचा उजेड दिसायलाय, बाई. फुडं कुनीच न्हाई."